आप्पांचं गुरुवारचं वाचन

रनाळ्याच्या फाट्यावर एसटी येऊन उभी राहिली, तेव्हा माय पदरानं डोळे पुसत होती आणि आप्पा माझ्या बॅगेची चेन ओढत बसले होते. चेन लागायचं नाव घेत नव्हती, कारण आयत्या वेळी मायनं ज्वारीच्या पापडांची, बिबड्यांची पिशवी आत कोंबली होती. कंडक्टर ओरडायला लागला. मी चढले, खिडकी धरली. शेवटी आप्पांनी कपाशीच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेलं एक पुस्तक खिडकीतून माझ्या मांडीवर टाकलं आणि म्हणाले, "संपनं की परत वाच."

बस, एवढंच. पहिल्यांदा घर सोडून सुरतेला नर्सिंगला निघालेल्या पोरीला माणूस काय काय सांगतो! जपून राहा, पोचल्यावर कळव, कुणाच्या नादी लागू नको. आमच्या आप्पांनी सांगितलं, संपलं की परत वाच. गाडी हलली आणि माझ्या पोटात गोळा आला. आपण इथून गेलो की मागे काहीतरी होणार, असं मला तेव्हा वाटलं, आणि खरं सांगते, ते वाटणं आजतागायत गेलेलं नाही. नवरा मला काळजीवाहू सरकार म्हणतो. म्हणू दे. तुम्हा गावाकडच्यांतले जे सुरतेला, वडोदऱ्याला, नाशिकला गेले त्यांना हा गोळा ठाऊक आहे. जे मागे राहिले त्यांनी निदान एकदा आमची बाजू ऐकून घ्यावी.

रनाळ्यात आमची ख्रिस्ती घरं मोजकीच. बाकी गाव पाटलांचं, शेतीवाडीचं. चर्च नंदुरबारला, म्हणून रविवारी सगळे तिकडे जायचे. पण गुरुवारी संध्याकाळी प्रार्थना आमच्या पुढच्या खोलीत असायची, आणि प्रार्थना झाली की वाचन. शास्त्रातलं वचन आधी होऊन जायचं. वाचन म्हणजे त्यानंतर एखाद्या चांगल्या पुस्तकातलं थोडंसं, विश्वास वाढावा, माणूस म्हणून आपण थोडं सुधारावं म्हणून. आप्पांच्या आधी त्यांचे मोठे भाऊ वाचायचे. त्यांनी एक नियम घालून दिलेला होता, तो कुणी कधी मोडला नाही. वाचणाऱ्याच्या हातात पुस्तक पाहिजे. पाठ असलं तरी पाहिजे. ते म्हणायचे, "तोंडी सांगं ते तुन्ही गोष्ट, पुस्तक धरीसन वाचं ते समदासनी."

आप्पा एक वाक्य छापील मराठीत वाचायचे आणि लगेच तेच अहिराणीत सांगायचे. छापील मराठी आमच्याकडे शाळेची आणि तहसील कचेरीची. तिच्यात देव जरा लांब बसल्यासारखा वाटायचा. आप्पांनी अहिराणीत आणला की तो थेट आमच्या खाटेवर येऊन बसायचा.

पुस्तकं होती तीन. त्यांची नावं मला विचारू नका, मलाही माहीत नाहीत. कव्हरं केव्हाच गेलेली. एक विहिरीचं पुस्तक, एक सुताराच्या बायकोचं आणि एक छोटं, रोजच्या प्रार्थनेचं. विहिरीच्या पुस्तकात शिमोन नावाचा माणूस खडकाळ रानात विहीर खोदत असतो. भावाशी त्याचं बोलणं नाही. गाव हसतं, बायको वैतागते, हा आपला खोदतो आणि रोज संध्याकाळी देवाशी भांडतो. सुताराची बायको जावेशी अबोला धरून बसलेली, आणि तो अबोला ज्या दिवशी सुटतो त्या दिवसाची सुरुवात होते मागून आणलेला पाटा परत करण्यापासून. क्षमा करणं म्हणजे मोठं काही नसतं, हातातली वस्तू घेऊन त्या दारापर्यंत चालत जायचं असतं, हे मी तिथं शिकले. आजही वॉर्डात कुणाशी वाजलं की मला तो पाटा आठवतो आणि मी निमूट चहाचा कप घेऊन तिच्या टेबलाशी जाते.

शेजारच्या शेवंताकाकू पाटलीण. घरचं मोठं खटलं, दारात ट्रॅक्टर. आपल्या देवघरात दिवा लावायच्या आणि मग आमच्या उंबऱ्याशी येऊन बसायच्या, मांडीवर तुरीच्या शेंगा सोलायला घेऊन. प्रार्थनेला बोलायच्या नाहीत; पण गोष्ट सुरू झाली की त्यांना राहवायचं नाही. शिमोन भावाला हाक न मारता परत फिरला की त्या शेंग आपटून म्हणायच्या, "काय मानूस शे! बलाव म्हना त्याले भाऊले!" प्रत्येक वर्षी तो तसाच परत फिरायचा आणि प्रत्येक वर्षी काकू तशाच चिडायच्या.

पुढे सुरतेचं शिक्षण झालं, लग्न झालं, वडोदऱ्याला नोकरी लागली. मी डायलिसिस वॉर्डात नर्स आहे. मशीनचे अलार्म, ड्युटीचा रोस्टर, बेन-बेन करत मागे लागलेले नातेवाईक. घरी मुलगा माझ्याशी अर्धं गुजराती बोलतो. पहिली काही वर्षं मी आप्पांनी फाट्यावर दिलेली ती प्रार्थनेच्या पुस्तकाची जादा प्रत चेंजिंग रूममध्ये वाचायचे. मग शहरात पुस्तकांची चैन सुरू झाली. चर्चमध्ये ग्रंथालय, मोबाईलवर पुस्तकं, ज्याच्या त्याच्या तोंडी नवं नाव. रागावर एक वाचलं, ते नवऱ्यालाही वाचायला दिलं. त्यानं ते रागानंच परत केलं. कामाच्या धबडग्यात पाच मिनिटं देवापुढं गप्प कसं बसायचं यावर एक आहे, ते मी घर सोडून नव्यानं आलेल्या प्रत्येक पोरीला देते, कारण पहिल्या वर्षी लांब प्रार्थना होतच नाही, रडूच येतं. आणि एक आहे काळजीवर. ते माझं लाडकं. लिहिणारी बाई म्हणते, काळजी करणारा माणूस वर्षभराचं पाणी एकाच खेपेत डोक्यावर घ्यायला बघतो. देवानं आजच्यापुरती घागर दिलीय, तेवढी उचल. मी ते वाचलं, पटलं, अधोरेखित केलं आणि त्याच रात्री आप्पांच्या बीपीची काळजी करत जागी राहिले.

कारण काळजीला कारणं होती. आप्पा नंदुरबारच्या मिरची पथारीवर आयुष्यभर मुकादम होते. मैदानभर लाल मिरच्या वाळत पडलेल्या, हवेत तिखट धूळ, सगळ्यांचे डोळे लाल. ते काम सोडून काही वर्षं झाली होती. गुडघे दुखतात म्हणून सोडलं, असं मला सांगितलं होतं. फोनवर डोळ्यांचा विषय निघाला की म्हणायचे, "काय नही वं, मिरचीनी धूय शे ती. निंघी जाई." अख्खं गाव तेच म्हणायचं. पथारीवर काम केलेल्या माणसाचे डोळे पाणावणारच, त्यात काय बघायचं? मी नर्स. मीही तेच म्हणायचे. गुडघ्यांची काळजी केली, शुगरची केली, हार्टची केली. सुट्टीला गेले तेव्हा त्यांनी चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवून सांडला, तेव्हा मी म्हटलं हात थरथरतात. निरोप द्यायला फाट्यावर येणं बंद केलं, तेव्हा म्हटलं गुडघे. जी करायला हवी होती ती एक सोडून बाकी सगळ्या काळज्या मी मन लावून केल्या!

गेल्या वर्षी ईस्टरच्या आधी दोन गोष्टी एकदम आल्या. आमच्या वडोदऱ्याच्या चर्चमधल्या मराठी महिला मंडळाच्या नीलाबेन म्हणाल्या, विश्वासात वाढायला मदत करणाऱ्या तुझ्या आवडत्या पुस्तकांवर तू मंडळात बोलायचं. माझं मराठी अजून रनाळ्याचं, स्टेजवर गेले की जीभ टाळूला चिकटते. आणि त्याच आठवड्यात विनोदचा व्हॉइस मेसेज आला. विनोद म्हणजे आमच्या गुरुवारच्या मंडळीतला तरणा पोरगा, कॉलेज झालेला, गातो छान. म्हणाला, "ताई, आम्हले एखादं नवं पुस्तक सुचव ना. आप्पा तेच तीन फिरीफिरीसन वाचतस. पोरं कटाळनात."

मला बरं वाटलं. सुचव म्हटल्यावर कोणाला बरं वाटत नाही? मी काळजीचं पुस्तक निवडलं, गप्प बसण्याचं निवडलं, दोन्ही मोठ्या टायपातली मागवून थेट रनाळ्याला पाठवली आणि आप्पांना फोन केला. म्हटलं, आप्पा, नवीन पुस्तकं येताहेत, ईस्टरनंतरच्या गुरुवारी मीही असेन, तेव्हा सुरू करा. ते एवढंच म्हणाले, "येऊ दे." त्यानंतर प्रत्येक फोनला मायच बोलायची. आप्पा झोपलेत, आप्पा बाहेर गेलेत. मला वाटलं, दुखावले. त्यांच्या तीन पुस्तकांचा मी अपमान केला असं त्यांना वाटलं असणार. गाडीत नंदुरबारपर्यंत मी माफी कशी मागायची त्याची वाक्यं जुळवत होते.

गुरुवारी दुपारी घरी पोचले. उन्हानं अंगण तापलेलं. जेवण झालं तसं आप्पा खाटेवर बसले आणि म्हणाले, "ते पुस्तक आन बरं. काळजीवालं. पहिलं पान वाची दखाड माले." रागाचा मागमूस नाही. मी हरखले. खाली बसून वाचायला लागले. दोन पानं झाली, त्यांनी हात वर केला. "परत वाच." वाचलं. "आते परत, जरा हयू." मला वाटलं उच्चार तपासताहेत, लहानपणी तपासायचे तसे. मी अगदी शाळेतल्या बाईंसारखं हळूहळू वाचून दाखवलं. "परत."

मग माझं लक्ष त्यांच्या ओठांकडे गेलं. ते हलत होते, आणि माझ्यापेक्षा एक शब्द पुढे होते. बोट गुडघ्यावर वाक्य संपलं की आपटत होतं. मी पान उलटलं त्या आवाजाला त्यांनी मान डोलावली, जणू तेही लक्षात ठेवायचं होतं. मी वाचायची थांबले. पुस्तक उचलून त्यांच्या तोंडासमोर धरलं, अगदी जवळ. ते समोरच्या भिंतीकडे तोंड करून वाट बघत बसले होते. "थांबनी का?" त्यांनी विचारलं.

स्वयंपाकघराच्या दारात माय उभी होती. तिनं माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. बोलू नको. मी पुस्तक खाली घेतलं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.

आत गेल्यावर मी मायचा हातच धरला. कधीपासून? ती म्हणाली, दोन पावसाळे झाले. आधी कडेचं दिसेना, मग अक्षर जाऊ लागलं. तीन पुस्तकं पाठ, म्हणून चाललं. गुरुवारी मायनं पुस्तक काढायचं, बरोबर पान उघडून हातात द्यायचं, त्यांनी वाचायचं. दवाखान्याचं नाव काढलं की माणूस जेवत नाही. डॉक्टर आंधळा म्हणेल, गावात कळेल, पुस्तक विनोदच्या हातात जाईल. "त्याना जीव त्या वाचनमा शे वं," माय म्हणाली. "ते गयं की मंग काय ऱ्हायनं त्यानं?"

मी ओट्याला टेकून उभी राहिले. काचबिंदू असणार, हे तोवर मला कळून चुकलं होतं. त्यात गेलेली नजर परत येत नाही, पण उरलेली राखता येते, आणि राखायची तर एक दिवसही घालवून चालत नाही. आज संध्याकाळी आप्पा अडखळले, पोरं हसली, तर हा माणूस पुन्हा पुस्तकाला हात लावणार नाही. आणि आज सगळं नीट पार पडलं तर पुढच्या गुरुवारी पुन्हा हेच, आणि दवाखान्यात कधीच नाही. दोन्हीकडून मरण. इतकी वर्षं न झालेल्या गोष्टींची काळजी केली, आणि आता खरी समोर आली तर मला प्रार्थनासुद्धा सुचेना. "प्रभू, काहीतरी कर," एवढंच परत परत म्हणत मी भांडी घासली.

दिवे लागले तशी माणसं यायला लागली. विनोद पोरांना घेऊन आला, पुढेच बसला. शेवंताकाकू उंबऱ्याशी. आता त्यांची तुरीची टोपली नसते, बोटं वाकडी झालीत, नुसत्याच बसतात. पंखा घरघरत होता. प्रार्थना झाली. मायनं नवं पुस्तक उघडून आप्पांच्या हातात दिलं. ते त्यांनी नेहमीसारखं छातीपाशी धरलं, मान खाली घातली. विनोद म्हणाला, "आप्पा, आज निदान चार-पाच पानं व्हऊ द्या." दुपारी आमची झाली होती दोन.

आप्पांनी वाचायला सुरुवात केली. एक वाक्य छापील, एक अहिराणीत. शब्द न् शब्द बरोबर. वर्षभराचं पाणी एका खेपेत डोक्यावर घ्यायला निघालेली बाई अहिराणीत आली तेव्हा मागून एक पोरगी हसली, चांगलं हसली. पहिलं पान संपलं, त्यांनी ते उलटलं, जिथं मी उलटलं होतं अगदी तिथं. मी श्वास सोडला.

दुसऱ्या पानाच्या मध्यावर लाइट गेली.

एकदम काळोख. आमच्या पुढच्या खोलीला खिडकी नाही. दारातून येणारा गल्लीतल्या दिव्याचा उजेडही गेलेला. पंख्याची पाती सावकाश होत होत थांबली आणि घरघर बंद झाली. आप्पा एका श्वासापुरते थांबले. आणि मग ते वाचायला लागले. त्याच वाक्यापासून, त्याच आवाजात, पुस्तक हातात धरून.

मी कुणीतरी बोलायची वाट बघत होते. 'आप्पा, थांबा, लाइट गई' एवढं कुणीही सहज म्हटलं असतं, लहान पोरगंसुद्धा. कुणी बोललं नाही. विनोदच्या हातात मोबाईल होता, त्याचा पडदा उजळला होता. त्यानं तो मांडीवर पालथा घातला. टॉर्च कुणीच लावली नाही. कुणी खोकलंसुद्धा नाही. अंधारात पंधरा-वीस माणसं बसलेली आणि एक म्हातारा माणूस त्यांना पुस्तक वाचून दाखवतोय, मराठीत एकदा, अहिराणीत एकदा. देवानं आजच्यापुरती घागर दिलीय, इथपर्यंत ते आले. तिथं दुपारचं पाठांतर संपत होतं. त्यांनी पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

मी डोळे घट्ट मिटले. आता विनोद म्हणणार, पुढचं वाचा.

"आमीन," कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. उंबऱ्याकडून. शेवंताकाकू! इतक्या वर्षांत त्यांनी हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता. त्यामागून सगळे आमीन म्हणाले. आणि मग विनोदचा आवाज आला, जरासा घोगरा: "आप्पा, फुढलं फुढला गुरुवारले. तुम्हीच वाचा." मायनं चिमणी पेटवून आणली. उजेडात कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. सगळे आपापल्या चपला शोधत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात चूळ भरत होते, ते खाटेवर बसून होते. म्हणाले, "काल लाइट गई व्हती ना?"

खोटं बोलावं की खरं, मला ठरवता येईना. मी तोंडात पाणी असतानाच 'हूं' केलं.

"पंखा बंद पडना तवयच समजनं माले," ते म्हणाले. "म्हटलं, आते कोनी तरी थांबाडी माले. कोनीच थांबाडं नही." चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. लाज होती, आणि तिच्याखाली काहीतरी सैल पडल्यासारखंही होतं. "म्हनजे समदासले माहीत शे. कधीनं माहीत व्हई. आनि तरी येतस ऐकाले." मग त्यांनी पायानं चपला चाचपल्या. "चाल. कोनता दवाखाना म्हनत व्हती तुन्ही माय?"

मी चूळ तशीच गिळली आणि रडायला लागले. ते म्हणाले, "आते कशाले रडस? चाल ना."

नंदुरबारला डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, उजवा डोळा गेलेला आहे. डाव्यात थोडं उरलंय. ते औषधाच्या थेंबांनी राखायचं, जन्मभर, एकही दिवस न चुकता. काचबिंदूच होता. मिरचीचा काही संबंध नव्हता. येताना रिक्षा पथारीवरून गेली, मोसम संपत आलेला, तरी नाकात तिखट वास गेला आणि आम्ही दोघं शिंकलो. आप्पा म्हणाले, "बिचारी मिरची. उगंच तिन्हावर आळ लिधा." किती महिन्यांनी मी हसले. दोन पावसाळे आधी आलो असतो तर, हे मात्र आम्ही कुणीच म्हटलं नाही. ते मी अजून गाडीत, लिफ्टमध्ये, मशीनच्या अलार्ममध्ये स्वतःशी म्हणते.

मग वडोदऱ्याला मंडळात बोलायची वेळ आली. बायका वह्या घेऊन बसल्या होत्या. नीलाबेन म्हणाल्या, बेन, नावं जरा सावकाश सांग, लिहून घेऊ. मी उभी राहिले, ठरवून आणलेलं सगळं विसरले. आणि मी विहिरीच्या पुस्तकापासून सुरुवात केली. लेखक कोण? माहीत नाही. कुठे मिळेल? माहीत नाही, कव्हर नाही त्याला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मी काळजीचं सांगितलं, गप्प बसण्याचं सांगितलं, ती नावं त्यांनी लिहून घेतली. आणि शेवटी म्हटलं, पुस्तक कुठलंही घ्या, पण एकटीनं वाचून मिटून ठेवू नका. कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा, सासूला, पेशंटला, फोनवर कुणाला. त्यातलं कुठलं वाक्य खरंच आपल्या आत गेलंय, ते तेव्हा कळतं. बोलले ते अहिराणी वळणाचंच बोलले. कुणी हसलं नाही.

आता दर बुधवारी ड्युटी संपली की मी फोन लावते. माय आधी थेंब घातल्याचं सांगते, मग फोन आप्पांच्या कानाशी देते. मी एक पान वाचते, ते माझ्यामागून म्हणतात. गुरुवारी पुस्तक त्यांच्याच हातात असतं. नियम तो नियम. विनोद शेजारी बसतो आणि पान उलटायची वेळ आली की हळूच त्यांच्या गुडघ्याला बोट लावतो. शेवंताकाकू आता काळजीवाल्या बाईवरही चिडायला शिकल्यात म्हणे. डॉक्टर म्हणतात, डावा डोळा टिकेल, पण खात्री देता येत नाही. प्रत्येक बुधवारी रिंग वाजत असते तेवढ्यात माझ्या पोटात तो फाट्यावरचा गोळा येतो आणि पलीकडून आवाज आला की जरा खाली बसतो. पूर्ण जात नाही. जाईल असं मला आता वाटतही नाही.

तुमच्यापैकी कुणी विचारतं, आता घर कोणतं, तिकडचं की इकडचं? माझा मुलगा इथलाच होईल, मीही बहुधा इथलीच होऊन जाईन. पण बुधवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये स्कूटीवर बसून, एका कानात हॉर्न आणि दुसऱ्या कानात आप्पांचा श्वास ऐकत मी जे पान वाचते, तेवढा वेळ मी घरी असते. या बुधवारीही वाचलं. पान संपलं तसं ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, आणि मी लगेच घाबरून हॅलो, हॅलो करायला लागले.

"आठेच शे मी," ते म्हणाले. "संपनं का?"

म्हटलं, संपलं आप्पा.

"मंग परत वाच."